पालापाचोळ्याचं खत घरच्या घरी: होळीला गोळा करा, दिवाळीला वापरा

पानांच्या खताची कृती इंटरनेटवर शोधली की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: पानं गोळा करा, ढीग लावा आणि विसरून जा. ही कृती इंग्लंड-अमेरिकेतल्या बागांची आहे. तिकडे पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतात आणि पुढचे कित्येक महिने पाऊस, बर्फ, धुकं असतं, त्यामुळे ढीग आपोआप ओला राहतो. आपल्याकडे करंज, पिंपळ, साग, शिरीष यांची पानगळ होते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तिच्या पाठोपाठ येतो वैशाख. ढीग लावून विसरलात तर मेअखेरीला तुमच्याकडे खत नसेल, कुरकुरीत पानंच असतील, वर त्यात मुंग्यांनी संसार थाटलेला. महाराष्ट्राच्या हवेत हे खत करायचं म्हणजे मार्च ते जून ढीग ओला ठेवायचा. बाकीचं काम फारसं अवघड नाही.

गच्ची, बाल्कनी किंवा बंगल्याचं अंगण, जागा कुठलीही असो, पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी

स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवणारं कंपोस्ट आणि पानांचं खत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपोस्टमध्ये मुख्य काम जिवाणूंचं. ढीग गरम होतो, वाफा येतात आणि दोन-तीन महिन्यांत काम उरकतं. वाळक्या पानात नत्र (नायट्रोजन) कमी आणि लिग्निन जास्त असतं. लिग्निन म्हणजे पानाला आणि लाकडाला ताठपणा देणारा चिवट पदार्थ. तो फोडणं बुरशीलाच चांगलं जमतं आणि ती ते थंडपणे, सावकाश करते. त्यामुळे 'ढीग गरमच होत नाही, काहीतरी बिघडलंय' अशी काळजी करू नका.

दुसरं म्हणजे, आपण याला खत म्हणतो खरं, पण यात नत्र, स्फुरद, पालाश हे झाडांचं मुख्य अन्न अगदी थोडं असतं. नुसत्या पानांच्या खतावर टोमॅटो लावलात तर पीक बेताचंच येईल. याचं खरं मोल पाणी धरून ठेवण्यात आणि माती मोकळी करण्यात आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती कुंडीत दगडासारखी आवळते आणि भेगाळते, कोकणातल्या तांबड्या मातीतून पाणी झरझर निघून जातं. दोन्ही आजारांवर हा एकच उपाय चालतो. ज्यासाठी आपण दर वर्षी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा विकत आणतो, ते काम हे फुकटात करतं.

१. साहित्य जमवा

पानगळ सुरू व्हायच्या आधी, म्हणजे जानेवारीतच एवढं हाताशी ठेवा:

- भांडं किंवा जाळी (यावर खाली सविस्तर)
- खराटा, घमेलं, झारी
- पानं आणायला चार-पाच मोठी पोती
- जुनं गोणपाट, ढिगावर झाकायला
- वाळू चाळायची चाळण, साधारण पाव इंच भोकांची
- जाड हातमोजे आणि नाका-तोंडावर बांधायला रुमाल किंवा मास्क
- थोडं ताजं शेण. शहरात ते नाहीच मिळालं तर जुन्या झाडाखालची दोन ओंजळी कुजकी माती

अंगण असेल तर कोंबडीजाळी सगळ्यात उत्तम. १० फूट लांब आणि ३ फूट उंच तुकडा घ्या आणि टोकं एकमेकांवर चढवून तारेने बांधा. साधारण ३ फूट व्यासाचा पिंजरा तयार होतो. तो झाडाच्या सावलीत, थेट मातीवर उभा करा. खालून गांडुळं आपली आपण वर येतात.

गच्चीवर २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम बरा. तळाला आणि बाजूंना वीतभर अंतरावर बोटभर भोकं पाडून घ्या. ड्रम विकत घेताना त्यात आधी काय होतं हे विचाराच. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम धुऊनही घेऊ नका. भरलेला ओला ड्रम शंभर किलोच्या आसपास जातो, तेव्हा तो गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या जवळ ठेवा, विटांवर उचलून. पानांतून झिरपणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि त्याचे डाग फरशीवरून सहज जात नाहीत. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवरून तर मुळीच जात नाहीत. ड्रमखाली एक पसरट ताट ठेवा आणि त्यातलं पाणी परत वर ओता.

बाल्कनीवाल्यांना पोतं पुरतं, पण कुठलं पोतं हे बघून घ्या. कांद्याची जाळीदार लाल गोणी उन्हाळ्यात एका दिवसात कोरडी पडते. सिमेंटची किंवा खताची विणलेली पांढरी पोती उन्हात राहिली की काही महिन्यांत त्यांच्या चिंध्या होतात आणि ते प्लास्टिकचे धागे खतात मिसळतात. मग निवडत बसा. विणलेलं पोतं वापरायचंच तर पूर्ण सावलीत ठेवा. नाहीतर जाड काळी कचऱ्याची पिशवी घेऊन तिला पेचकसाने पंधरा-वीस भोकं पाडा. तिच्यात ओल टिकते.

२. कुठली पानं घ्यायची

सगळी पानं सारख्या वेगाने कुजत नाहीत.

गुलमोहर, चिंच, सुबाभूळ आणि रस्त्याकडेचे मोठाले पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं सगळ्यात आधी कुजतात. ही सगळी शेंगावर्गीय झाडं, त्यामुळे त्यांच्या पानात नत्रही थोडं अधिक असतं. मात्र ही पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून थापी बनतात, म्हणून ती एकटी भरू नका.

करंज, पिंपळ, कडुनिंब, बकुळ ही मधली मंडळी. नवख्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी. रस्त्यावर हीच झाडं जास्त असतात, पानं भरपूर मिळतात आणि दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी काम होतं.

आंबा, फणस, बदाम, साग आणि सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेला उंच हिरवा अशोक यांची पानं जाड, मेणचट किंवा चरबट. ती चुरली नाहीत तर वर्षभरानेही अर्धी शिल्लक दिसतात. घ्यायची असतील तर वेगळ्या पोत्यात भरा आणि दुसऱ्या वर्षाची आशा ठेवा.

निलगिरी टाळा. तिच्या पानातलं तेल रोपांची वाढ रोखतं. नारळाच्या झावळ्या या कामाच्या नाहीत. भुरी किंवा करपा पडलेली भाजीची पानंही नकोत, कारण हा ढीग गरम होत नाही आणि रोग त्यात मरत नाही.

३. पानं कुठून आणायची

शहरात पानांना तोटा नाही, माणसं ती टाकायला जागा शोधत असतात. सकाळी रस्ता झाडणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा: "मावशी, फक्त पानंच या पोत्यात भराल का? पोतं मी देतो, उचलूनही मीच नेतो." त्यांचंही ओझं कमी होतं. पण रस्त्यावरचा झाडलोट कचरा तसाच भरू नका. त्यात गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, काचा आणि कुत्र्यांची घाण असते. पोतं आधी फरशीवर ओतून हातमोजे घालून निवडा. सोसायटीच्या आवारातली, शाळेच्या मैदानातली किंवा मंदिराच्या पारावरची पानं जास्त स्वच्छ मिळतात. पुण्यात वाळकी पानं देणारे आणि हवी असणारे यांची गाठ घालून देणारा 'ब्राऊन लीफ' सारखा उपक्रमही आहे.

सोसायटीत कोणी 'कशाला हा उद्योग, काडी लावून टाका' म्हणालं तर त्यांना एवढंच सांगा: राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली आणि त्यासाठी ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. शेजाऱ्यांच्या दम्यापेक्षा या आकड्याचा परिणाम लवकर होतो, असा अनुभव आहे.

गावाकडे असाल तर तुम्हाला हे सांगायची गरज नाही. कोकणात पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पानं, गोळा करून कलमांच्या बुंध्यात घालणं आणि गोठ्यात गुरांखाली पसरणं हे नेहमीचंच आहे. जंगलातला आणि देवराईतला पालापाचोळा मात्र उचलू नका. तिथली माती त्यावरच जगते.

४. चुरा करा

पान जितकं बारीक, तितकी बुरशीला शिरायला जागा जास्त. पानं कडक वाळलेली असताना पोत्यात भरा, तोंड बांधा आणि त्यावर नाचा. घरात मुलं असतील तर हे काम त्यांच्यावर सोपवून मोकळे व्हा. पानं थोडी असतील तर घमेल्यात घेऊन हातानेच चुरगाळता येतात. काड्या, शेंगा आणि करंजाच्या बिया काढून टाका, नाहीतर पुढे कुंडीत करंजाची रोपं उगवतात.

५. भिजवा आणि भरा

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते या पायरीवर. वाळकं पान पाणी पटकन घेत नाही. भरलेल्या ड्रमवर पाच बादल्या पाणी ओतलं तरी ते पानांवरून घसरून कडेकडेने खाली उतरतं आणि भोकांतून बाहेर पडतं. वरचा थर ओला दिसतो, तळ ओला असतो आणि मधला भाग ठणठणीत कोरडा. दोन महिन्यांनी उकरून पाहिलं तर मधली पानं जशी घातली तशीच निघतात.

म्हणून पानं आधी भिजवा. टब किंवा मोठं पातेलं भरून पानं पाण्यात दाबा, वर वीट ठेवा आणि रात्रभर राहू द्या. टब नसेल तर पोत्यातच पाणी मारून सावलीत ठेवा, दुसऱ्या दिवशी हलवून परत मारा. मग वीतभर जाडीचे थर देत भरत जा. दर थरावर शेणकाल्याचा हलका शिडकावा द्या: साधारण किलोभर ताजं शेण दहा लिटर पाण्यात कालवून. शेण नसेल तर जुन्या वडा-पिंपळाखालची काळी भुसभुशीत माती मूठमूठभर भुरभुरवा. कुजवणारी बुरशी त्यात आधीपासून असते. कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडरही चालते, पण ती नसल्याने काही अडत नाही.

गूळ, ताक, यीस्ट, शिळी बिअर असल्या कृती व्हिडिओंमध्ये भरपूर दिसतील. गुळाने मुंग्या येतात, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

थर हाताने दाबा, पायाने तुडवू नका. पानांत हवाही खेळायला हवी. आणि कितीही मोह झाला तरी भाजीची देठं, फळांच्या साली यात टाकू नका. चिलटं, वास आणि उंदीर या तिन्ही तक्रारींची सुरुवात तिथूनच होते, आणि एकदा सोसायटीच्या बैठकीत उंदराचा विषय निघाला की तुमचा ड्रम वाचवणं कठीण.

ओल बरोबर आहे का हे बघायला मधली मूठभर पानं काढून घट्ट पिळा. तळहात ओला झाला आणि बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला की ठीक. धार लागली तर पाणी जास्त झालं, हात कोरडा राहिला तर कमी.

६. उन्हाळा सांभाळा

मार्च ते जून, आठवड्यातून एकदा तरी हात कोपरापर्यंत आत घालून मधली ओल बघा. वरून बघून काही कळत नाही. कोरडं वाटलं तर पाणी द्या. त्यासाठी वेगळं पाणी लागत नाही, तांदूळ-डाळ धुतलेलं किंवा भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं आणि मिठाचं नको. ढिगावर भिजवलेलं गोणपाट कायम ठेवा. टँकरच्या दिवसांत ढीग जिवंत ठेवायला गोणपाटाची सर्वाधिक मदत होते.

महिन्यातून एकदा पानं वर-खाली करा. ड्रममधून घमेल्यात काढायची आणि उलट क्रमाने परत भरायची, एवढंच. या वेळी नीट बघा. एप्रिलअखेरीला मधल्या थरात पानांना पांढऱ्या सुताच्या जाळ्या लागलेल्या दिसतील आणि दोन-तीन पानं त्या धाग्यांनी एकमेकांना शिवल्यासारखी निघतील. वास पहिल्या पावसातल्या मातीचा येईल. हीच ती बुरशी, तिला औषध मारू नका. पिंपळाचं पान असेल तर हिरवा-तपकिरी भाग नाहीसा होऊन नुसती शिरांची जाळी उरलेली दिसते.

मुंग्या झाल्या म्हणजे ढीग कोरडा आहे: पाणी द्या, त्या आपोआप जातात. आंबूस किंवा नाल्यासारखा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी: सगळं बाहेर काढून दिवसभर सावलीत पसरा, थोडी कोरडी पानं मिसळा आणि परत भरा.

७. पावसाळा: आता उलटी काळजी

जूनच्या मध्यापासून पाणी द्यायचं थांबवा. ड्रमवर झाकण तिरकं ठेवा, पिंजऱ्यावर प्लास्टिकचा कागद अर्धवट टाका. थोडा पाऊस आत जाऊ द्या. धो-धो पाऊस आत गेला तर पानं थापी होऊन सडतात. या काळात कुजण्याचा वेग वाढतो आणि ढीग खचत जातो. चार पोती पानांचं शेवटी एक पोतं होतं, बारीक पानांचं त्याहूनही कमी. घाबरून नवीन पानं वरून घालू नका, नाहीतर एकाच ड्रममध्ये तयार आणि कच्चं एकत्र होतं. नव्या पानांसाठी दुसरं भांडं ठेवा.

पावसाळ्यात अंगणातल्या ढिगात दोन पाहुणे येतात. मोठी शंखी गोगलगाय दिवसा पानांत लपते आणि रात्री रोपं फस्त करते. ढीग वर-खाली करताना ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, पिवळसर पांढरी अंडी पुंजक्याने दिसली की काढून मिठाच्या पाण्यात टाका. गोगलगाय उघड्या हाताने धरू नका. दुसरी पाहुणी म्हणजे हुमणी: इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी. ढिगात ती फारसं नुकसान करत नाही, पण खताबरोबर कुंडीत गेली की मुळं खाते. चाळताना वेचून कावळ्या-साळुंक्यांसाठी बाहेर ठेवा.

बंगल्यात किंवा गावाकडे ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. कोकणात तर हे विसरूच नका, फुरसं या विषारी सापाला असाच पालापाचोळा आवडतो.

८. झालं हे कसं ओळखायचं

दसऱ्याच्या सुमारास मूठभर खत दाबा. मुठीचा आकार राहिला आणि बोटाने टोचल्यावर तो भुसभुशीत कोसळला, रंग गडद तपकिरी-काळा आणि पानाचा आकार ओळखू येत नाही, म्हणजे झालं. अर्धवट पानं दिसत असतील तर ते आच्छादनासाठी ठेवा.

चाळण्याआधी खत किंचित ओलं करा आणि नाकावर रुमाल बांधा. कोरडं खत चाळताना बुरशीची धूळ उडते. घरात कुणाला दमा असेल तर त्यांनी हे काम करूच नये.

९. वापर

बी पेरायला: चाळलेलं बारीक खत २ भाग आणि जाडसर वाळू १ भाग. कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर, शेवंतीच्या फांद्या, सगळ्यांना हे मानवतं. अंकुर फुटायला वेगळं अन्न लागत नाही, त्यामुळे नत्र कमी असणं इथे फायद्याचं ठरतं. रोपाला चार पानं आली की मात्र ते दुसऱ्या कुंडीत हलवा किंवा गांडूळखत द्या.

कुंडी भरायला: माती, पानांचं खत आणि शेणखत किंवा गांडूळखत समप्रमाणात, वर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांना मातीचं प्रमाण थोडं वाढवा. नेचे आणि अँथुरियम यांना पानांचं खत निम्म्यापर्यंत चालतं.

आच्छादन: चाळणीवर उरलेला जाड चुरा कुंडीत दोन बोटं जाडीने पसरा, खोडापासून दोन बोटं अंतर सोडून. खोडाला टेकलं तर साल कुजते. फेब्रुवारीअखेर हे केलंत तर एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा मागणारी कुंडी बऱ्याचदा एकदाच्या पाण्यावर राहते.

एक मात्र करू नका: अर्धवट कुजलेली पानं मातीत मिसळू नका. ती कुजवण्यासाठी बुरशी आणि जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि झाड पिवळं पडतं. वरून पसरलेली असतील तर हा त्रास जवळजवळ होत नाही.

सोसायटीत ट्रकभर पानं निघत असतील तर ड्रम पुरणार नाहीत. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप टाकी बघा: जाळीदार विटांची, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. त्यात पानांबरोबर शेण आणि मातीचेही थर लागतात, त्यामुळे मिळतं ते कंपोस्ट, आणि तेही तीन-चार महिन्यांत. समितीला ते पटवणं सोपं जातं.

पहिल्या वर्षी खत अपेक्षेपेक्षा कमी निघेल. ते सगळ्या कुंड्यांत चिमूट चिमूट वाटू नका. आधी रोपांच्या ट्रेला, मग भर उन्हात असलेल्या कुंड्यांना द्या. आणि दोन घमेली न चाळता बाजूला ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत नव्या पानांच्या थरांत तेच विरजण म्हणून घालायचं आहे.